युरोपात नेमकं कुठे उतरायचं? पॅरिस, झुरिक की रोम (पाच जण, १३ रात्री)

नळस्टॉप_पुणे

मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात युरोपला जायचं ठरतंय. आम्ही पाच जण: मी, नवरा, मुलगी ९ वर्षांची, मुलगा ४ वर्षांचा आणि सासूबाई ६८. सासूबाई सोसायटीत रोज फेऱ्या मारतात, पण जिना आणि सलग अर्धा तास चालणं गुडघ्यांना झेपत नाही.

मुक्काम असे धरलेत: पॅरिस ४, स्वित्झर्लंड ५ (इंटरलाकेन), इटली ४ (फ्लॉरेन्स १, रोम ३). पुण्याहून गाडीने मुंबईला आणि तिथून विमान.

गाडं अडलंय ते कुठे उतरायचं यावर. मुंबई–पॅरिस–मुंबई थेट विमान सर्वात स्वस्त दिसतंय. नवऱ्याचं म्हणणं, झुरिक मध्यावर आहे, तर तिथे उतरू आणि दोन्हीकडे जाऊन येऊ. जाताना एक शहर आणि येताना दुसरं असं तिकीट पाहिलं तर माणशी साधारण सहा हजारांनी महाग पडतंय. एजंट म्हणतो, फ्रान्सचा व्हिसा काढणार असाल तर पॅरिसलाच उतरावं लागेल. आणि एका मैत्रिणीचा सल्ला, लंडनला स्वस्तात उतरा आणि रेल्वेने पॅरिस गाठा.

जाणकारांनी कृपया सांगावं. रेल्वेने फिरायची तयारी आहे, गाडी भाड्याने घ्यायची नाही.

तिकीटघर

आधी व्हिसाचं, कारण त्यावरून तुमची दिशाभूल होतेय. शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा) कुठल्या देशाकडे मागायचा हे विमान कुठे उतरतं यावर ठरत नाही. ज्या देशात मुक्काम सर्वात जास्त, त्याच्याकडे अर्ज. तुमच्या रात्री ४-५-४ आहेत, म्हणजे अर्ज स्वित्झर्लंडकडे, मग उतरा पॅरिसला नाहीतर रोमला. दोन देशांत मुक्काम अगदी सारखा असेल तरच आधी कुठे प्रवेश करता ते बघतात. एजंटला फ्रान्सचाच व्हिसा सोयीचा वाटत असेल तर पॅरिसच्या रात्री खरोखर वाढवाव्या लागतील. कागदावर एक आणि हॉटेल बुकिंगमध्ये दुसरंच, असं करू नका. अर्ज नाकारला जायचं ते एक नेहमीचं कारण आहे.

फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या आतल्यांना शून्य. म्हणजे तुमचे ३१५ युरो आणि वर अर्ज केंद्राचा सेवाआकार. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. मेच्या प्रवासासाठी फेब्रुवारीच्या आत अपॉइंटमेंट हातात असू द्या, कारण मार्चनंतर अख्खा महाराष्ट्र त्याच रांगेत असतो. व्हिसा येईपर्यंत तिकीट रद्द करता येईल अशा दरातलंच घ्या.

लंडनचा विचार सोडा. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. पाचही जणांचा वेगळा व्हिसा, वेगळी फी, पासपोर्ट पुन्हा काही आठवडे बाहेर. तिकिटात वाचलेलं तिथेच संपेल.

आता नकाशा. पॅरिस, इंटरलाकेन, फ्लॉरेन्स, रोम ही जवळजवळ एका तिरक्या रेषेत आहेत. रेल्वेचे तास मोजा: पॅरिस ते इंटरलाकेन बाझलला गाडी बदलून ५ तास. इंटरलाकेन ते रोम, स्पीत्स आणि मिलानला बदलून, एकूण साधारण ७ तास (मध्ये फ्लॉरेन्सचा मुक्काम आहेच). एका टोकाला उतरून दुसऱ्या टोकाहून निघालात तर सगळ्या सहलीत मिळून १२ तास गाडीत.

हेच झुरिकला उतरून झुरिकहूनच परत यायचं म्हटलं तर: झुरिक–पॅरिस ४, पॅरिस–इंटरलाकेन ५, इंटरलाकेन–रोम ७, रोम–झुरिक पुन्हा ७. झाले २३. साहेबांचं ‘मध्यावर आहे’ बरोबर आहे, पण मध्यावरून दोन्हीकडे जायचं म्हणजे प्रत्येक रस्ता दोनदा तुडवायचा.

राहिलं स्वस्त तिकीट, पॅरिसला जा आणि पॅरिसहूनच या. माणशी सहा हजार, पाच जणांचे तीस हजार वाचले. युरो शंभर रुपये धरून खर्च मांडा. रोमहून पॅरिसला परतायला पाच तिकिटं, बॅगांसकट माणशी ७० युरो जरी धरले तरी ३५० युरो, म्हणजे पस्तीस हजार. वाचलेले तीस इथेच गेले. शिवाय रोम–पॅरिसची स्वस्त विमानं बऱ्याचदा ऑर्लीला किंवा बोव्हेला उतरतात. बोव्हे पॅरिसपासून सुमारे ८५ किलोमीटर आहे. तुमचं मुंबईचं विमान सुटणार पॅरिसच्या मोठ्या विमानतळाहून, म्हणजे शार्ल द गोलहून, म्हणून त्याच दिवशी जोडणी घेणं धोक्याचं. दोन वेगळी तिकिटं असली की पहिलं विमान रखडल्यावर दुसरी कंपनी जबाबदार नसते. त्यामुळे पॅरिसला एक जादा रात्र आणि पाच जणांच्या दोन खोल्या. शेवटचा अख्खा दिवस बॅगा ओढण्यात.

तेव्हा जाताना एक शहर आणि येताना दुसरं असंच तिकीट घ्या. वेबसाइटवर ‘मल्टी-सिटी’ निवडा, दोन एकेरी तिकिटं जोडू नका. भारतातून निघणारी एकेरी तिकिटं पारंपरिक कंपन्यांकडे परतीच्या निम्म्याहून बरीच महाग असतात. मल्टी-सिटीमध्ये दोन्ही दिशांचं निम्मं-निम्मं भाडं लागतं. दोन्ही बाजू एकाच गटात ठेवा: लुफ्थान्सा, स्विस, ऑस्ट्रियन हा एक गट, एअर फ्रान्स आणि केएलएम हा दुसरा. किंमत चढलेली दिसली तर परतीची तारीख एक दिवस पुढे-मागे करून बघा. स्वस्त श्रेणीतल्या पाच जागा एकत्र शिल्लक नसतील तर सिस्टिम पाचही जणांना वरच्या श्रेणीचं भाडं लावते. हे ओळखायला आधी दोन आणि मग तीन प्रवाशांसाठी किंमत काढून बघा, फरक लगेच दिसेल.

आणखी एक. मुंबई–पॅरिस–रोम हे तिकीट कधीकधी नुसत्या मुंबई–पॅरिसपेक्षा स्वस्त दिसतं आणि पॅरिसलाच उतरून जायचा मोह होतो. तसं केलंत तर बॅगा रोमला जातील आणि पुढचा टप्पा चुकवला म्हणून परतीचं तिकीटही रद्द होईल.

माझं मत: पॅरिसला उतरा, रोमहून परत या. मुंबईहून पॅरिसला थेट विमान आहे. मध्यरात्रीनंतर सुटतं आणि सकाळी पोचतं. चार वर्षांचं पोर आणि गुडघेदुखी, दोन्हींना जाताना मध्ये उतरणं नको.

गाडीबदल

तिकीटघर यांचं टोकांचं गणित मान्य. पण टोकं उलटी धरा. रोमला उतरा, पॅरिसहून निघा.

पहिलं कारण हवा. मे संपता संपता रोमचं ऊन चांगलंच तापतं आणि कलोसियम, फोरम इथे सावली नाही. मेच्या मध्यालाच रोम उरकलं तर बरं. स्वित्झर्लंडमध्ये उलट, जितकं जूनकडे सरकाल तितकं चांगलं. वसंतात बऱ्याच केबल कार आणि डोंगरगाड्या देखभालीसाठी बंद असतात आणि मेअखेरपर्यंत एकेक सुरू होत जातात. तुमच्या यादीतल्या प्रत्येक डोंगराच्या वेबसाइटवर तारीख बघूनच इंटरलाकेनच्या रात्री पक्क्या करा.

दुसरं, थेट विमान जाताना जितकं हवं त्याहून येताना जास्त हवं. जाताना उत्साह असतो. येताना मुलं दमलेली, बॅगा फुगलेल्या आणि मुंबईला उतरल्यावर पुढे पुण्यापर्यंत घाट आहेच.

तिसरं, खरेदी. फ्रान्समध्ये एका दुकानात १०० युरोंच्या वर खरेदी झाली की कर परत मागता येतो. त्या कागदावर युरोपीय संघ सोडताना कस्टम्सची मोहोर लागते. शेवट पॅरिसला असेल तर शार्ल द गोलवरच्या मशीनला कागद दाखवला की काम झालं. फक्त ते बॅगा चेक-इन करण्याआधी करायचं, वस्तू दाखवायला सांगू शकतात. पॅरिस आधी असेल तर तुम्ही वस्तू घेऊन रेल्वेने स्वित्झर्लंडमध्ये जाता, आणि स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये असलं तरी युरोपीय संघात नाही. मोहोर कुठे मारायची हा घोळ तिथेच सुरू होतो. अर्थात माझ्या क्रमात हाच घोळ फ्लॉरेन्सच्या चामड्याच्या पर्सबद्दल होणार. ती आवडली तर घ्या, कर परत मिळेल असं धरून घेऊ नका.

उतरल्यावरचा पहिला तास दोन्हीकडे कसा जातो तेही बघा. रोमच्या फ्युमिचिनो विमानतळाहून लिओनार्दो एक्सप्रेस ही रेल्वे टर्मिनी स्टेशनला ३२ मिनिटांत नेते, तिकीट १४ युरो, मध्ये थांबा नाही. विमानतळावरचं स्टेशन सरकत्या पट्ट्यांनी टर्मिनलला जोडलेलं आहे. पॅरिसला आरईआर बी ही उपनगरी गाडी गार द्यू नॉर स्टेशनपर्यंत साधारण ३५ मिनिटं घेते, पण ती शहरातल्या लोकांची रोजची लोकल आहे. सकाळच्या गर्दीत तीन मोठ्या बॅगा आणि दोन मुलं घेऊन तीत चढणं म्हणजे डोंबिवलीला सामान घेऊन चढण्यासारखंच. गार द्यू नॉरला खिसेकापूही असतात. पॅरिसला टॅक्सीच घ्या. शार्ल द गोल ते शहर भाडं ठरलेलं आहे: सीन नदीच्या उत्तरेला ५६ आणि दक्षिणेला ६५ युरो, हे २०२५ चे दर. साध्या टॅक्सीत चारच जण बसतात, पाचव्यासाठी मोठी गाडी मागावी लागते आणि थोडं जास्त द्यावं लागतं. रांगेतल्या माणसाला आधीच ‘पाच’ सांगा. बाहेरच्या दालनात ‘टॅक्सी, टॅक्सी’ करत जवळ येतो त्याच्याबरोबर अजिबात जाऊ नका.

नळस्टॉप_पुणे

दोघांचेही मनापासून आभार. झुरिकचा विषय घरात संपला. गाडीबदल यांचं ऐकून रोमला जाणारी विमानं बघतेय. फ्रँकफर्टला बदलून एक मिळतंय, मध्ये १ तास ५ मिनिटं. एकाच तिकिटावर आहे. चालेल ना? आणि इमिग्रेशन फ्रँकफर्टला की रोमला?

गाडीबदल

इमिग्रेशन फ्रँकफर्टला. शेंगेनमध्ये जिथे पहिलं पाऊल तिथेच पासपोर्ट तपासतात. फ्रँकफर्ट–रोम हा पुढचा टप्पा मग देशांतर्गत असल्यासारखा, रोमला उतरलात की सरळ बॅगांच्या पट्ट्यावर. (दुबई किंवा दोहामार्गे गेलात तर इमिग्रेशन रोमलाच.)

म्हणूनच १ तास ५ मिनिटं घेऊ नका. फ्रँकफर्टला ४५ मिनिटांचीही जोडणी नियमात बसते म्हणून वेबसाइट ती विकते, पण ते गणित एकट्या, हातात एकच बॅग असलेल्या माणसाचं आहे. तुमच्या तासाभरातून काय काय वजा होतं ते बघा. दार उघडल्यापासून सासूबाईंसाठी व्हीलचेअर येईपर्यंत सर्वजण उतरलेले असतात, कारण मदत घेणाऱ्यांना शेवटी उतरवतात. मग पासपोर्टची रांग. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर ईईएस ही नवी नोंदणी सुरू झाली आहे. पासपोर्टवरच्या शिक्क्याऐवजी संगणकात नोंद होते आणि चेहऱ्याचा फोटो घेतात. व्हिसाच्या वेळी बोटांचे ठसे दिलेले असतात, त्यामुळे तुमची नोंद इतर काही देशांच्या प्रवाशांपेक्षा लवकर होते, पण रांग सगळ्यांची एकच. त्यानंतर बऱ्याचदा पुन्हा सिक्युरिटी. विमानात मिळालेली पाण्याची बाटली तिथे टाकावी लागते. आणि पुढच्या विमानाचं दार सुटायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी बंद.

अडीच ते साडेतीन तासांची जोडणी शोधा. एकाच तिकिटावर असल्यामुळे चुकलीच तर कंपनी पुढच्या विमानात बसवते. शिवाय युरोपीय कंपनी असेल आणि तिच्या चुकीने रोमला तीन तास किंवा त्याहून उशिरा पोचलात, तर या अंतराला माणशी ६०० युरोपर्यंत भरपाईचा नियम आहे, मुलांनाही. आखाती कंपनीने भारतातून युरोपला जाताना तो नियम लागू होत नाही.

सासूबाईंसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा, निदान ४८ तास आधी. फुकट असते. मागताना प्रकार नीट सांगा, इथे हमखास गडबड होते. नुसतं ‘व्हीलचेअर’ म्हटलं की डब्ल्यूसीएचआर लावतात, म्हणजे लांब चालता येत नाही पण जिना चढता येतो. तुम्हाला डब्ल्यूसीएचएस हवं, म्हणजे जिनाही नको. विमान टर्मिनलला न लागता लांब उभं केलं तर पहिल्या प्रकारातल्या माणसाला शिडीने उतरून बसमध्ये बसावं लागतं. दुसऱ्याला उचलणारी गाडी येते. चारही विमानतळांवर, म्हणजे मुंबई, फ्रँकफर्ट, रोम आणि परतीला पॅरिस, तोच कोड आहे का ते कंपनीला फोन करून वाचून घ्या.

तिकीटघर

हे सगळं वाचूनच मी म्हणत होतो, पॅरिसला थेट उतरा! रात्रभराच्या प्रवासानंतर पहाटे तीन तास विमानतळावर चार वर्षांच्या मुलाला खेळवायचं ही तुमच्या हवामानाची किंमत आहे. पण शेवटी घरच्यांनी ठरवायचं. दोन्ही क्रम चुकीचे नाहीत.

रेल्वेचं एक: इंटरलाकेन–पॅरिसच्या प्रवासात बाझलला बदलताना निदान अर्धा तास ठेवा. तिथे फलाट वरच्या पुलाने जोडलेत, लिफ्ट आहेत पण त्यांच्यासाठी थांबावं लागतं, आणि फ्रान्सच्या गाड्यांचे फलाट स्टेशनच्या एका टोकाला आहेत. बाझल–पॅरिस टीजीव्ही लिरिया या वेगवान गाडीला जागा आरक्षित असावीच लागते. मिलानला उलट अडचण. इटलीतल्या वेगवान गाड्यांची स्वस्त तिकिटं त्याच गाडीपुरती असतात, दुसऱ्या गाडीत चालत नाहीत. रोमहून वर येताना ती गाडी आधीची आणि स्वित्झर्लंडची नंतरची. आधीची रखडली तर नंतरची चुकेल, म्हणून मिलानला तासभर ठेवा आणि तिथेच जेवण उरका.

आल्प्सपलीकडे

झुरिकची बाजू अगदीच कोणी मांडली नाही म्हणून लिहितो. तीन देशांच्या या आराखड्यात ते चुकीचंच आहे. पण घरात चर्चा होऊन रोम किंवा पॅरिस गळालं, तर झुरिकसारखी उतरायची जागा नाही. रेल्वे स्टेशन विमानतळाच्या पोटातच, लिफ्टने ट्रॉलीसकट खाली. मुख्य स्टेशन दहा-बारा मिनिटं, ल्युत्सर्नला थेट गाडी सव्वा तासाच्या आत, इंटरलाकेनला बर्नला बदलून सव्वादोन तास. मुंबईहून थेट विमान आहेच. मग झुरिकला उतरा आणि पॅरिस ठेवलं असेल तर पॅरिसहून, रोम ठेवलं असेल तर रोमहून परत या. मिलानच्या मालपेन्साहून परतायचं ठरलं तर ते शहरापासून पन्नासेक किलोमीटर आहे एवढं धरून निघा.

स्विस ट्रॅव्हल पास सलग ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा मिळतो. पाच दिवसांचा नाही. पाच रात्री म्हणजे सहा तारखा, तेव्हा सहाचा नीट बसतो. मुलीसाठी फॅमिली कार्ड मागून घ्या, फुकट आहे, ६ ते १५ वर्षांची मुलं त्यावर मोफत. पण बरोबर आई किंवा वडील हवेत. आजी नातीला घेऊन एकटी निघाली तर ते कार्ड चालत नाही. चार वर्षांच्याला काहीच लागत नाही.

स्वित्झर्लंडमध्ये रविवारी पोचत असाल तर दूध-ब्रेड-भाजी स्टेशनवरच घ्या. गावातली दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांवरची आणि विमानतळावरची उघडी. मेमध्ये असेन्शनचा गुरुवार आणि पेंटेकॉस्टचा सोमवार याही सुट्ट्या, त्याच्या आदल्या दिवशीच्या गाड्या भरून वाहतात. त्या दिवशी शहर बदलू नका.

नळस्टॉप_पुणे

ठरलं. मुंबई–फ्रँकफर्ट–रोम, मध्ये २ तास ५०, आणि पॅरिस–मुंबई थेट. तिकीटघर, तीन-दोन प्रवाशांची युक्ती चालली, माणशी फरक निम्म्यावर आला. शेवटचं: सासूबाईंच्या एका नातेवाइकांकडे पॅरिसला एक दुपार जेवायला जायचंय. त्यांच्यासाठी हापूसची एक पेटी आणि थोडं साजूक तूप, पेढे न्यावेत असं चाललंय. बॅगेत टाकलं तर चालतं का?

आल्प्सपलीकडे

तिन्ही नाही. दूध आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात आणता येत नाहीत, त्यात तूप, पेढे, खवा, पनीर सगळं आलं. लहान बाळाच्या दूध पावडरीला २ किलोपर्यंत सूट आहे. ताज्या फळांना रोगमुक्तीचा सरकारी दाखला लागतो. केळी, अननस, नारळ, खजूर आणि डुरियन एवढ्यांनाच तो माफ आहे, आंबा त्यात नाही. कढीपत्ताही तसाच अडकतो. कस्टम्सने काढला तर पेटी तुमच्यासमोर कचऱ्यात जाते आणि दंडही होऊ शकतो.

चिवडा, भाकरवडी, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट खुशाल न्या. घट्ट झाकणाच्या डब्यात आणि चेक-इनच्या बॅगेत, कारण ओलसर चटणी हातातल्या बॅगेत सिक्युरिटीला द्रव पदार्थात मोजतात.